रीलमध्ये आधी पाणी दाखवा

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या गल्लीबोळांत पालकांच्या फेऱ्या सुरू होतात. कुणी परभणीहून आलेले असते, कुणी बीडहून, कुणी सोलापूरकडच्या खेड्यातून. कॉलेज डोक्यात असते, क्लास ठरलेला असतो, लेकराच्या राहण्याची सोय तेवढी लावायची असते. पण फाटकावर टांगलेली ‘रूम भाड्याने देणे आहे’ ही पाटी शोधत उन्हात हिंडण्याचे दिवस सरत चालले आहेत. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि खोलीचा शोधही आता मोबाइलवरच सुरू होतो. इन्स्टाग्रामचे रील, यूट्यूबवरचा छोटा व्हिडिओ, व्हॉट्सॲप स्टेटस, गूगल मॅपवरचे फोटो यांतून पालक दोन-चार जागा हेरतात आणि मग एसटीत बसतात.

लातूर आणि नांदेड या दोन शहरांत घरे सांभाळण्याच्या धंद्याला मागणी आहे, ती शिक्षणामुळे. ‘लातूर पॅटर्न’ने बाहेरगावची मुले लातूरला आणली. त्या पॅटर्नशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडला १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नांदेडलाही नीट आणि जेईईच्या क्लासेसभोवती खोल्या, मेस, अभ्यासिका असा संसार उभा राहिला. दुसरीकडे, ज्यांनी इथे घरे बांधली त्यांची पुढची पिढी पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीत. मग भाडेकरू पाहणे, भाडे गोळा करणे, प्लंबर बोलावणे, मालमत्ता कर वेळेवर भरणे, हे सगळे करणारा भरवशाचा माणूस लागतो. पूर्वी ते काम शेजारचे काका करत. आता काही तरुणांनी त्याचा रीतसर व्यवसाय केला आहे आणि गिऱ्हाईक मिळवायला ते रील टाकत आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न आहे तो रीलमध्ये काय दाखवले जाते याचा.

बहुतेक रील सारखेच दिसतात. इमारतीवरून फिरणारा ड्रोन, दणदणीत गाणे, नवी कोरी गादी, भिंतीवर रंगीत दिवे आणि शेवटी ‘भाड्यासाठी डीएम करा’. मोबाइलच्या वाइड लेन्समुळे दहा बाय दहाची खोली हॉलसारखी भासते. तिथे दोन कॉट आणि दोन टेबले मांडल्यावर पाय ठेवायला जागा उरेल का, हे काही कळत नाही. आणि लातुरात ज्या गोष्टीवर सगळे अडते, ती कुठेच दिसत नाही. पाणी!

हे ते शहर आहे, जिथे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘जलदूत’च्या पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. मांजरा धरण त्या उन्हाळ्यात कोरडे पडले होते. त्यानंतर धरण भरलेही, पण लातुरात पालक खोली पाहताना आजही पहिला प्रश्न विचारतो तो ‘पाण्याचं काय?’ हाच. नळाला किती दिवसांनी पाणी येते, हौद केवढा, बोअर उन्हाळ्यात आटतो का, टँकरचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, पिण्याचे जार कोण आणून देते? नांदेडला गोदावरीकाठी प्रश्न उलटा. विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले की सखल वस्त्यांतले जीव टांगणीला लागतात, तेव्हा तळमजल्याच्या खोलीचा रील पाहणाऱ्याला पावसाळ्यात गल्ली कशी दिसते हे कळायलाच हवे.

म्हणून सांगावेसे वाटते की या धंद्यातल्या माणसाने कॅमेरा आधी गच्चीवर न्यावा. टाकीचे झाकण उघडून आतले पाणी दाखवावे. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये येऊन नळ सोडावा आणि बादली भरेपर्यंत व्हिडिओ कापू नये. बोअरच्या जड पाण्याने तोटीवर धरलेला पांढरा थर दिसला तर दिसू द्यावा. जिना, त्यावरचा दिवा, खिडकीची जाळी, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काय चालते तेही टिपावे. शेवटी आवाजात स्पष्ट सांगावे: भाडे इतके, डिपॉझिट इतके, लाइट बिल वेगळे, चित्रीकरण अमुक तारखेचे. असा व्हिडिओ दिसायला साधा असेल, पण तो पाहून आलेला पालक दारातून परत जाणार नाही. तारखेचे महत्त्व तर फारच. पावसाळ्यात काढलेला व्हिडिओ मे महिन्यात फिरवणे ही फसवणूकच आहे.

खऱ्या चित्राने धंदा वाढतो याचा दाखला एअरबीएनबीच्या संस्थापकांनी दिला आहे. २००९ मध्ये त्यांची कंपनी रडतखडत चालली होती. न्यूयॉर्कमधल्या घरांचे फोटो अंधुक आणि वेडेवाकडे होते. ते स्वतः तिथे गेले, भाड्याने कॅमेरा घेतला, घरोघरी जाऊन नीट फोटो काढले आणि आठवड्याची कमाई दुप्पट झाली. त्यांनी घरे सजवली नव्हती. होती तशीच, पण नीट दाखवली होती.

पिंटरेस्टचा सल्ला हल्ली बरेच जण देतात. इंटिरिअर करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, पण मुखेडचा किंवा औशाचा पालक खोली शोधायला तिथे जात नाही. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा गूगल मॅपवर इमारतीचे ताजे फोटो टाकलेले बरे. नांदेडपुरते आणखी एक. तख्त सचखंड हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून येणारे भाविक सचखंड एक्स्प्रेसने उतरतात. त्यांच्यासाठी घरगुती निवास चालवणाऱ्यांनी व्हिडिओवर हिंदी आणि पंजाबी मजकूर टाकायलाच हवा.

कायद्याची बाजू मात्र इथे सैल आहे. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला, पण भाड्याच्या खोलीच्या रीलला तो नियम लागत नाही. पैसे घेऊन रील करणाऱ्या स्थानिक इन्फ्लुएन्सरने ती जाहिरात असल्याचे सांगावे, अशी ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. शहराच्या नावाने चालणाऱ्या पानांनी ती मनावर घ्यायला हवीत.

मुलींच्या वसतिगृहांचे रील तर फार जपून करायला हवेत. अकरावी-बारावीच्या मुली अठरा वर्षांखालच्या असतात. त्यांचे चेहरे, खोलीचा क्रमांक, येण्याजाण्याच्या वेळा हे काहीही जाहिरातीत येता कामा नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. खोली रिकामी असतानाच चित्रीकरण करा, एवढी साधी शिस्त पुरते.

पुण्यात बसलेल्या घरमालकासाठी तर व्हिडिओ म्हणजे कामाचा हिशेबच. दर महिन्याला मीटरचा आकडा, गच्चीवरची ओल, कराची पावती यांचे दोन मिनिटांचे चित्रण पाठवणारा व्यवस्थापक त्याला दुसरीकडे जाऊ देत नाही. भाडेकरू येताना आणि जाताना घराचे चित्रण केले तर डिपॉझिटवरून होणारी भांडणेही मिटतात. पण करार कागदावरच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याची जबाबदारी मालकावर असते. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे काम मालकाचे.

पालकांना एकच विनंती. रील कितीही आवडला तरी टोकन म्हणून लगेच पैसे पाठवू नका. समोरच्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगा, खोलीत उभे राहून नळ सोडायला सांगा आणि तो टाळाटाळ करू लागला तर दुसरी खोली पाहा.