धीर कुणी धरायचा?

पाळकसाहेब, मॅट्रिकपर्यंत शिकलोय, वाचता येतं. याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय. सातवं वचन तुम्ही घोळून घोळून सांगता. शेतकरी पावसाची वाट बघतो तसा धीर धरा. मग चौथं वचन का गिळता? तिथं याकोब धनदांडग्यांची गचांडी धरतो. शेतं कापणाऱ्यांची तुम्ही दाबलेली मजुरी ओरडतेय, म्हणतो, देवाच्या कानापर्यंत गेलीय. आधी मजुरी, मग धीर. हा क्रम त्याचा, माझा नव्हे. मी गोदीत माल उचलतो. मजुरी अडकली की मुकादमही म्हणतो, धीर धर. त्याला ना देव ठाऊक ना याकोब.

आमच्या घराण्याच्या दोन फांद्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशन नगरच्या महारवाड्यांत आलं, एक फांदी ख्रिस्ती झाली. दुसरी १९५६ नंतर बाबासाहेबांमागं बुद्धाकडं. आज दोघं घाटकोपरच्या एकाच टेकडीवर, एकाच नळाच्या रांगेत. माझ्याकडं अनुसूचित जातीचा दाखला आहे, चुलतभावाकडं नाही. त्याच्या आजीच्या ओंजळीत गावचं पाणी वरूनच पडायचं. गळ्यात क्रूस आला म्हणून तांब्या खाली आला नाही.

१० ऑगस्ट १९५०. राष्ट्रपतींचा आदेश, तिसरा परिच्छेद. हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. १९५६ला शीख आत घेतले, १९९०ला आम्ही बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच. १९८५ला सूसाईच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही तेवढंच सोसावं लागतं याचा पुरावा आणा. पुरावा? २०१६ला कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंच आपल्या दलित धोरणात चर्चमधली अस्पृश्यता कबूल केली. त्याआधी २००७ला रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं होतं, परिच्छेद काढा. सरकारनं काय केलं? २०२२ला आणखी एक आयोग बसवला. मुदत दोन वर्षं, वर मुदतवाढ. सरकारला धीर भरपूर साला, दुसऱ्याच्या पोटावर.

सोसणं मला कळत नाही असं समजू नका. फादर स्टॅन स्वामी आठवा. आदिवासींच्या जमिनीसाठी भांडणारा जेझुइट म्हातारा. २०२०च्या ऑक्टोबरात भीमा कोरेगावच्या केसमध्ये उचलला, तळोजात कोंडला. पार्किन्सननं हात थरथरायचा, पेला धरवेना. सिपर आणि नळी मागितली. तपास यंत्रणेनं उत्तराला वीस दिवस घेतले आणि म्हणाली, तुमचा सिपर आमच्याकडं नाहीच. ५ जुलै २०२१ला वांद्र्याच्या हॉस्पिटलात गेला, ८४ वर्षांचा. जामिनाची सुनावणी त्याच दिवशी होती. त्याच्या वाट्याला सोसणं आलं ते बोलला म्हणून. तुम्ही आमच्या माणसांना सोसायला लावता ते बोलू नये म्हणून. एकच शब्द दोन्हीला वापरू नका.

तुमच्या येशूनं देवळात दोऱ्यांचा कोरडा वळला, सराफांचे चौरंग उलथले. त्या दिवशी त्याला कुणी सातवं वचन वाचून दाखवलं नव्हतं.

दलित ख्रिस्ती १० ऑगस्ट काळा दिवस पाळतात. येत्या १० ऑगस्टला प्रार्थना आटपून टेकडीवरून खाली उतरा. चुलतभाऊ येतोय. निळा झेंडा माझ्याकडं आहे, क्रूस तुम्ही आणा.