कम्युनिटी कॉलेजची लाज कशासाठी?

मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्याच एका मुलीने विषय काढला. नर्सिंग होममध्ये एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) आहे, रात्रपाळी करते, घरी दोन लहान मुलं. आता आरएन (रजिस्टर्ड नर्स) करायचं तिच्या मनात आहे. कुठला प्रोग्रॅम घेऊ, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, आपल्या काउंटी कॉलेजात एलपीएन टू आरएन आहे, आधी तिथे चौकशी कर. त्यावर वाण हातात घेऊन उभ्या असलेल्या तिघी-चौघी एकदमच बोलल्या, "कम्युनिटी कॉलेज? अगं, चार लोकांत नाव सांगता येईल असं काहीतरी बघ ना!" एकीने लगेच फोनवर एका खासगी संस्थेची जाहिरात काढून दाखवली. बारा महिन्यांत आरएन, वेटिंग लिस्ट नाही, प्रवेश परीक्षा नाही. त्या मुलीने ती जाहिरात स्वतःच्या फोनवर मागवून घेतली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी स्वतः काउंटी कॉलेजातून आरएन झाले आहे आणि त्यावरच माझं घर उभं राहिलं आहे. म्हणून हे लिहिण्याचा हक्क मला आहे असं मी समजते.

आधी परीक्षेचं बोलू. दोन वर्षांची असोसिएट डिग्री केलेली आणि चार वर्षांची बीएसएन ही पदवी केलेली, दोघी बसतात ती परीक्षा एकच, एनक्लेक्स-आरएन. त्याच पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात, तेवढ्याच पाच तासांत, ८५ ते १५० प्रश्नांची. २०२३च्या एप्रिलपासून ती नव्या स्वरूपात आली. आता एखाद्या पेशंटचा चार्ट समोर ठेवतात आणि आधी काय बघाल, मग काय कराल, ते विचारत जातात. तिथे पाठांतर चालत नाही. पास झाल्यावर राज्याचं नर्सिंग बोर्ड जो परवाना देतं तो दोघींना सारखाच, आणि त्यावर कॉलेजचं नाव कुठेही नसतं. रात्री तीन वाजता ज्या आजींचा श्वास लागलेला असतो त्यांनी आजवर मला माझ्या कॉलेजचं नाव विचारलेलं नाही.

बारा महिन्यांत आरएन होण्याची ही घाई कुठून येते ते मला कळतं. एलपीएनचं काम केलेल्या बाईलाच ते कळेल. तीस-पस्तीस पेशंटांची गोळ्यांची गाडी ढकलत आपण खोल्याखोल्यांतून जातो. कुणाचे ओठ जरा निळसर दिसतात, कुणाचं बोलणं कालपेक्षा जड वाटतं. आपल्याला दिसलेलं असतं, समजलेलंही असतं, पण असेसमेंट आरएनने करायचं, आपण तिला फोन करून थांबायचं. ती दुसऱ्या मजल्यावर अडकलेली असते. ती येईपर्यंत आपण पल्स-ऑक्स बोटाला लावून आकडा बघत उभ्या राहतो. पगाराचं तर विचारूच नका. केंद्र सरकारच्या कामगार खात्याच्या मे २०२४च्या आकड्यांत एलपीएनचा मध्यम वार्षिक पगार ६२,३४० डॉलर आहे आणि आरएनचा ९३,६००. तेव्हा लवकर व्हावंसं वाटणारच. पण त्या लवकरच्या पोटात काय दडलंय ते बघायला नको का?

माझ्या जाऊबाईंचं सांगते. त्या दुसऱ्या राज्यात राहतात. त्यांनी अशाच एका खासगी शाळेत ब्रिज प्रोग्रॅम केला. इमारत देखणी, प्रवेश देणारी मुलगी गोड बोलणारी, कर्जाचे कागद तिथल्या तिथे तयार. आरएन झाल्या, हुशारच आहेत त्या. पुढे हॉस्पिटलने बीएसएन करा म्हटलं तेव्हा विद्यापीठाने त्यांचे निम्म्याहून अधिक क्रेडिट घेतले नाहीत. मायक्रोबायॉलॉजी पुन्हा, स्टॅटिस्टिक्स पुन्हा. तेव्हा त्यांनी जुना करार कपाटातून काढून मला दाखवला. सहीच्या वरच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की इथले क्रेडिट स्वीकारायचे की नाही हे सर्वस्वी दुसऱ्या संस्थेच्या मर्जीवर आहे. त्याच पानाच्या तळाशी त्यांची आद्याक्षरं होती. त्या शाळेचं कर्ज त्या अजून फेडताहेत. माझे काउंटी कॉलेजचे क्रेडिट मात्र राज्य विद्यापीठाने बीएसएनला जसेच्या तसे घेतले. माझ्या मुलाने रटगर्स विद्यापीठात असताना एका उन्हाळ्यात केमिस्ट्री त्याच काउंटी कॉलेजात केली, तेव्हा ती रटगर्सला चालली, आणि तेव्हा आपल्या मंडळातल्या कुणालाही त्यात कमीपणा वाटला नाही. उलट "पैसे वाचवलेत हं" असं कौतुक झालं. मुलाने केलं तर हुशारी आणि आईने केलं तर कमीपणा, हे मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि ही लाज मुलांपर्यंत पोचते. माझी धाकटी दहावीत असताना मला म्हणाली, "आई, तू रिअल कॉलेजला कधी गेलीच नाहीस ना?" हे ती घरात शिकली नव्हती.

आता बारा महिन्यांचं. आमच्या काउंटी कॉलेजातही एलपीएनला पहिल्या नर्सिंग कोर्सची सूट मिळते. एक ट्रान्झिशन कोर्स करायचा आणि थेट पुढच्या वर्गात बसायचं. नर्सिंगचे कोर्स साधारण वर्षाभरातच संपतात. वेळ खातात त्या आधीच्या अटी. अॅनाटमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, सायकॉलॉजी, इंग्लिश कॉम्पोझिशन. जाहिरातीतले बारा महिनेही पुष्कळदा या अटी पूर्ण झाल्यावरच मोजायला सुरुवात होते, फक्त ते मोठ्या अक्षरांत लिहीत नाहीत. बऱ्याच ठिकाणी विज्ञानाचे विषय पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत, तेव्हा लग्नाआधी केलेल्या बी.एस्सी.वर कुणी विसंबून राहू नये. आणि प्रवेश परीक्षा नाही ही गोष्ट सोयीची वाटते, पण मी ती धोक्याची खूण समजते. टीस किंवा हेसी देऊन वर्गात आलेल्या मुली शेवटपर्यंत टिकतात हे मी माझ्या वर्गात पाहिलं आहे.

कुठलीही शाळा असो, तीन गोष्टी विचारल्याशिवाय एक डॉलर भरू नका. राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, ही पहिली. ती नसेल तर एनक्लेक्सला बसण्याचाच प्रश्न येतो. पण तेवढ्यावर थांबू नका, एसीईएन किंवा सीसीएनई यांच्यासारख्या संस्थेचं अॅक्रेडिटेशन आहे का, हेही बघा. बोर्डाची मान्यता असून अॅक्रेडिटेशन नसलेल्या शाळा आहेत. तिथून निघालेली मुलगी आरएन होते, पण पुढे बीएसएनला जाताना तिला दारं बंद मिळतात, आणि माजी सैनिकांच्या व्हीए हॉस्पिटलांत नोकरीसाठी अॅक्रेडिटेड प्रोग्रॅमचीच अट असते. आपल्याकडे महाराष्ट्रात नर्सिंग कॉलेज बघताना आईवडील इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे सगळ्यात आधी विचारतात. इथे आल्यावर आपण ते विचारायचं का सोडतो?

तिसरी गोष्ट एनक्लेक्सच्या निकालाची. प्रत्येक शाळेच्या किती मुली पहिल्या प्रयत्नात पास झाल्या ते राज्याचं बोर्ड दरवर्षी जाहीर करतं. शाळेच्या माहितीपत्रकावरचा आकडा धरू नका, बोर्डाचा धरा. आणि एकाच वर्षाचा नको, मागची चार-पाच वर्षं लावून बघा. त्यातही एक गोम आहे. काही शाळा शेवटच्या सत्रात एक्झिट परीक्षा ठेवतात आणि त्यात ठरावीक गुण पडले नाहीत तर पदवीच देत नाहीत. ज्या मुली एनक्लेक्सला नापास होतील अशी शंका असते त्यांना तिथपर्यंत पोचूच दिलं जात नाही, आणि शाळेचा निकाल नव्वदच्या वर दिसत राहतो. फी मात्र त्या मुलींनीही पूर्ण भरलेली असते. म्हणून शाळेला विचारायचं, आत आलेल्यांपैकी किती जणी वेळेत बाहेर पडल्या? एसीईएनच्या शाळांना हा आकडा जाहीर करावाच लागतो. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर पर्स उचलायची आणि निघायचं.

घाईचा शेवट कुठे होऊ शकतो ते २०२३च्या जानेवारीत सगळ्या देशाने पाहिलं. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांमधून ७,६००पेक्षा जास्त बनावट डिप्लोमे आणि ट्रान्स्क्रिप्ट विकले गेले होते, केंद्र सरकारने २५ जणांवर आरोप ठेवले. त्या खरेदीदारांपैकी जवळजवळ २,४०० जण एनक्लेक्स पासही झाले आणि वेगवेगळ्या राज्यांत कामाला लागले होते. नंतर बोर्डांनी एकेकाचे परवाने रद्द केले. मला सगळ्यात वाईट वाटलं ते त्याच शाळांत खरोखर शिकलेल्या मुलींचं. रात्री जागून अभ्यास केलेल्या, क्लिनिकल केलेल्या मुलींना आपण शिकलो होतो हे बोर्डापुढे कागद घेऊन सिद्ध करत बसावं लागलं. प्रत्येक खासगी शाळा अशी असते असं मी म्हणत नाही. चांगल्या आहेत, आणि तिथून आलेल्या उत्तम नर्सेसबरोबर मी काम केलं आहे. पण शाळेची पारख न करणाऱ्याला नंतर स्वतःची निर्दोषता सिद्ध करावी लागते.

पैशाचं थोडक्यात. काउंटीत राहणाऱ्याला काउंटी कॉलेजची फी कमी पडते. न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट आहे, घरचं समायोजित उत्पन्न ६५ हजार डॉलरपर्यंत असेल तर ट्यूशन माफ होऊ शकते. शिवाय मालक वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणाचा खर्च करमुक्त देऊ शकतो. नर्सिंग होमवाले हे आपण होऊन सांगत नाहीत, एचआरकडे जाऊन विचारावं लागतं. बदल्यात किती वर्षं तिथे राहायचं ते सही करण्याआधी वाचा.

ऑनलाइन प्रोग्रॅमबद्दल स्वतंत्र लेख लिहायला हवा. थिअरी घरून करता आली तर चांगलंच, पण क्लिनिकल कुठे, किती तास, आणि हॉस्पिटलशी करार शाळेने केलाय की तुम्ही शोधायचं, हे विचारा. आपल्यातल्या बऱ्याच जणी नवऱ्याच्या नोकरीबरोबर राज्य बदलतात. एका राज्यात चालणारा दूरस्थ प्रोग्रॅम दुसऱ्या राज्याचं बोर्ड नाकारू शकतं, कॅलिफोर्नियाने असं केलेलं आहे.

सांगली-मिरजेकडून जीएनएम करून आलेल्या आपल्या मुलींचा प्रश्न तर आणखी वेगळा. तिकडे वॉर्ड सांभाळलेली मुलगी इथे कागदपत्रांच्या मूल्यांकनात दोन विषयांचे तास कमी भरले म्हणून एलपीएनवर अडकून राहते. तिने पुन्हा पहिल्यापासून ब्रिज करायचा की तेवढेच तास भरून काढायचे, याचं उत्तर राज्याराज्यात बदलतं. यावर मंडळात कुणी बोलत नाही, कारण नर्सिंग हा विषयच आपण हलक्या आवाजात बोलतो. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या विधवा मुलींना ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. त्याला शंभराहून जास्त वर्षं होऊन गेली.

मी फार बोलले असेन. त्या दिवशी ज्या बोलल्या त्या माझ्या मैत्रिणी आहेत, त्यांच्या मनात त्या मुलीचं भलंच होतं. कुणाला लागलं असेल तर मनापासून माफी मागते. आपण सगळ्यांनी घर सोडून इथे पाय रोवले, आपल्या मुलांना मोठ्या नावाच्या ठिकाणी बघायची आपली इच्छा असते, आणि ती इच्छा स्वतःच्याही बाबतीत होते, हे मला समजतं. पण जिच्या डोक्यावर आधीच घराचं कर्ज आहे तिला नावासाठी आणखी कर्जात जायला सांगणं मला पटत नाही, आणि ते मी पुढच्या हळदीकुंकवालाही बोलून दाखवणार.

काउंटी कॉलेजात जागा थोड्या असतात आणि वेटिंग लिस्ट असते, हेही खरं आहे. काही ठिकाणी संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्ग आहेत, त्यांच्या जागा तर आधीच भरतात. ब्रिजला बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच प्रवेश मिळतो, म्हणून अर्जाच्या तारखेआधी ट्रान्स्क्रिप्ट मागवलेली, प्रवेश परीक्षा दिलेली आणि एलपीएनचा परवाना चालू असलेला हवा. वाट बघण्याच्या काळात एकेक अट पूर्ण करत राहायचं, म्हणजे नाव लागेल तेव्हा फक्त नर्सिंगचे कोर्स उरलेले असतात. अॅनाटमीचा पहिला भाग उन्हाळ्यात असतो, त्याची नोंदणी वसंतातच उघडते. त्या मुलीने आणि आणखी कुणी विचारात असेल तर तिनेही मला फोन करावा. नर्सिंगच्या सल्लागाराला भेटायला मी सोबत येईन, आणि मुलांना त्या दिवशी आमच्याकडे ठेवता येईल.