वायफाय गायब? आधी मशीन काय म्हणतंय ते ऐका

गडमुडशिंगीहून रोज कोल्हापूरला कॉलेजला येणाऱ्या कुणाच्याही घरी हे घडू शकतं. लॅपटॉप जुना. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्यावर बसत नाही. मग एका रात्री तुम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकता. मशीन एकदम सुसाट! पण वायफायची खूणच दिसत नाही. घरातून आवाज येतोच, ‘चांगलं चाललेलं, कशाला हात लावलास?’

इथं आपण काय करतो? पुन्हा इन्स्टॉल. तरीही नाही, म्हणून तिसऱ्यांदा. शेवटी लॅपटॉप दुकानात आणि खिशाला चाट.

थांबा. फोन केबलने लॅपटॉपला जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा तात्पुरतं नेट मिळतं. आता टर्मिनल उघडा. ‘आरएफकिल’ सांगेल, की वायफाय एखाद्या बटणामुळे बंद तर नाही ना. कार्ड लॅपटॉपच्या आतलं असेल तर बहुधा ‘एलएसपीसीआय’च्या यादीत सापडेल. त्याला ‘के’चा पर्याय जोडला, तर त्या कार्डाखाली कुठला ड्रायव्हर चालू आहे तेही दिसतं. ती ओळच नसेल, तर ड्रायव्हर जोडलेलाच नाही. ओळ असूनही वायफाय नसेल, तर ‘डीमेसेज’ वाचा. कार्डाला लागणारी फर्मवेअरची फाइल सापडली नाही, तर तिचं नावसुद्धा तिथं लिहिलेलं असतं. सिक्युअर बूट चालू असल्यामुळे बाहेरून टाकलेला ड्रायव्हर अडला असेल, तर त्याचाही माग तिथंच लागतो.

म्हणजे दुखणं कुठं आहे ते मशीन सांगत असतं. आपण ऐकत नाही, एवढंच.

आणि दोष दर वेळी तुमचा नसतो. अनेक कंपन्या कार्डाची माहिती वर्षानुवर्षं दाबून ठेवत आल्या. ब्रॉडकॉमच्या वायफाय कार्डांसाठी तर स्वयंसेवकांच्या एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून कार्ड कसं चालतं ते लिहून काढलं आणि दुसऱ्या गटाने त्यावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये. डेबियनने तर २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असं बंदिस्त फर्मवेअर थेट इन्स्टॉलरमध्येच घेतलं. तत्त्वाला थोडी मुरड घातली, पण नवख्या माणसाची अडचण ओळखली.

आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आउटपुट आधीच ठरलेलं असतं. कित्येकदा ते शेजारच्याच्या जर्नलमधून आलेलं असतं! बंद पडलेल्या वायफायचं उत्तर मात्र कुठल्याच जर्नलमध्ये नसतं. एक शक्यता तपासायची, ती खोडायची आणि पुढची धरायची. नोकरीत पहिल्याच आठवड्यात हेच लागणार आहे आणि ते शिकायची प्रयोगशाळा तुमच्या टेबलावर फुकट पडली आहे. इंग्रजीची धास्ती वाटते? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

हार्डवेअरच जळालं असेल, तर दुकानात जरूर जा. त्यात कमीपणा नाही. पण काय तपासलं, ते सांगता येईल इतकं करून जा.

आणि वायफाय लागलंच, तर लगेच रील बघायला पळू नका. कार्डाचं नाव, आलेला संदेश आणि केलेला उपाय मराठीत चार ओळींत लिहून वर्गाच्या ग्रुपवर टाका. रात्री दोन वाजता तुमच्यासारखंच कुणीतरी डोक्याला हात लावून बसलेलं असेल.