अरण्यरुदन वाया जातेच असे नाही

मराठीत ‘अरण्यरुदन’ हा शब्द वाया गेलेल्या रडण्यासाठी आहे. ऐकणारे कोणी नसताना गळा काढून उपयोग काय, असा त्यातला व्यवहारी हिशेब. (वर्तमानपत्रातल्या लेखांनाही तो अधूनमधून लागू पडतो.) बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, हा हिशेब चुकवणारी एक बाई भेटते. हागार ही मिसर देशची दासी. अब्राहामापासून तिला मुलगा झाला, पुढे मालकिणीलाही मुलगा झाला आणि दासीचा मुलगा घरात नकोसा झाला. एका सकाळी भाकर आणि पाण्याची मसक खांद्यावर देऊन तिला मुलासह वाटेला लावतात. बैर-शेब्याच्या रानात मसक रिकामी होते. ती मुलाला एका झुडपाखाली टाकते आणि बाण जाऊन पडेल इतकी लांब जाऊन बसते, कारण त्याचे मरण तिला डोळ्यांनी बघवणार नाही. तिथे ती हंबरडा फोडते. उत्तर येते, तिचे डोळे उघडतात आणि जवळच विहीर दिसते. मुलाचे नाव इश्माएल. हिब्रूत त्याचा अर्थच ‘देव ऐकतो’ असा आहे. त्याआधी गरोदर असताना जाच सोसवेना म्हणून ती पळाली होती, तेव्हा तिने देवालाच एक नाव ठेवले होते: मला पाहणारा. हे नाव कुणा कुलपतीने किंवा याजकाने ठेवलेले नाही. ते ठेवले एका परक्या मोलकरणीने.

मराठी बायबलात अशा जागेला ‘रान’ किंवा ‘अरण्य’ म्हटलेले असल्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे झाडी, ओढे, फार तर वनवासातली पर्णकुटी उभी राहते. मूळ हिब्रू शब्द आहे ‘मिदबार’. सीनाय आणि नेगेवचा तो मुलूख म्हणजे उघडे खडक, कोरडे ओहोळ आणि पाऊस झालाच तर शेळ्यामेंढ्यांना काही दिवस पुरेल एवढे गवत. दीर्घ आजारपण, सुटलेली नोकरी, घरातले मरण अशा काळाला ख्रिस्ती प्रवचनांत ‘रानातला काळ’ म्हणायची रीत आहे. त्याला जोडून एक सल्ला असतो: कुरकुर करू नकोस, विश्वास ठेव. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकाला हा सल्ला कोणत्याही धर्माच्या माणसाकडून जवळजवळ याच शब्दांत मिळतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या ग्रंथाच्या आधाराने तो दिला जातो, त्या ग्रंथातले रान त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. तिथे श्रद्धेला तोंड फुटते ते तक्रारीतून आणि ती टिकते रोजच्या रोज घ्यायच्या मापावर. चमत्कारांवर तर ती फारच थोडा वेळ टिकते.

निर्गमाचे पुस्तक याबाबत निर्दय म्हणावे इतके प्रामाणिक आहे. मिसरच्या गुलामीतून मोशेच्या मागे निघालेले इस्राएल लोक दुभंगलेल्या समुद्रातून पार झाले, गाणी झाली, डफ वाजले. पुढे तीनच दिवसांत, मारा येथे पाणी कडू लागले म्हणून ते मोशेवर उखडले. मग भूक लागली म्हणून बोंब. मग रफीदीम येथे पाणीच नाही म्हणून मोशेला दगड बसायची वेळ आली. या तिन्ही ठिकाणी तक्रारीबद्दल कोणाला शिक्षा झालेली नाही. पाणी गोड झाले, अन्न आले, खडकातून पाणी निघाले. रफीदीमच्या त्या जागेला तर भांडणाचेच नाव मिळाले, मरीबा. उलट, एवढे सगळे डोळ्यांनी पाहिलेल्या याच लोकांनी सीनायच्या पायथ्याशी, मोशे डोंगरावर गेला तो चाळीस दिवस परतला नाही एवढ्या कारणावरून, कानांतली सोन्याची कुंडले उतरवून वासरू ओतले. डोळ्यांदेखत घडलेल्या अद्भुताने माणसाचा विश्वास कायमचा पक्का होतो, या समजुतीला याहून मोठा धक्का खुद्द धर्मग्रंथानेच द्यावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

यावर जाणकार लगेच गणना या पुस्तकाकडे बोट दाखवतील, आणि ते रास्तच आहे. या पुस्तकाचे हिब्रू नावच ‘बमिदबार’, म्हणजे ‘रानात’. त्यात कुरकुर करणाऱ्यांवर आग पडते, साप सोडले जातात. होरेबपासून, म्हणजे सीनायच्या डोंगरापासून, कादेश-बर्ण्यापर्यंतची वाट बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकानुसार अकरा दिवसांची. प्रवास मात्र चाळीस वर्षे लांबतो आणि कालेब व यहोशवा सोडून वीस वर्षांपुढची सगळी पिढी रानातच संपते. तेव्हा तक्रारीला श्रद्धा कसे म्हणायचे? माझे उत्तर असे की शिक्षा कशाबद्दल झाली ते नीट पाहावे. कादेशला लोक नुसते रडले नाहीत. नवा पुढारी निवडून मिसरला परत जाण्याचा बेत त्यांनी केला. त्याआधी त्यांना मिसरमधले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवले होते. मासे तर फुकट मिळत असे ते म्हणतात. विटा पाडताना बसलेल्या चाबकाची किंमत त्यात धरलेली नाही. पाणी नाही म्हणून ओरडणे वेगळे आणि गुलामीतली कांदा-भाकर बरी होती म्हणणे वेगळे. खुद्द मोशेही त्याच अध्यायात देवाला सुनावतो की या लोकांना मी जन्म दिला काय, आणि असेच चालणार असेल तर मला मारूनच टाक. त्याला शिक्षा होत नाही. ओझे वाटून घ्यायला सत्तर वडील माणसे मिळतात. हा भेद प्रत्येक ठिकाणी चपखल बसतो असे मात्र नाही. तबेरा येथे आग पडली तेव्हा लोक नेमके कशाबद्दल कण्हत होते ते मजकूर सांगत नाही. सापांच्या प्रसंगी तर अन्नपाण्याचीच तक्रार होती. तिथे हा ग्रंथ कठोर आहे आणि माझ्या मांडणीसाठी त्याला मऊ करण्यात अर्थ नाही. पण याच बायबलातल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तक्रार हे पाप असते, तर ती उपासनेसाठी जपली गेली नसती.

हागारेच्याच बैर-शेब्याजवळ पुढे एलीया हा संदेष्टा येतो. कर्मेल डोंगरावर बआलच्या संदेष्ट्यांना हरवून आलेला हा विजयी माणूस, पण ईजबेल राणीची धमकी येताच पळतो, चाकराला मागे ठेवतो, दिवसभराची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. त्याला उपदेश होत नाही. त्याला झोप लागते. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू येतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवतानाही एवढेच सांगितले जाते की खा, वाट तुला झेपणारी नाही. खचलेल्या माणसाशी कसे वागावे याचा इतका शहाणा धडा धर्मग्रंथांत क्वचित सापडतो. होरेबला पोहोचल्यावर वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी तो प्रसिद्ध मंद स्वर. प्रवचने इथे थांबतात. मजकूर थांबत नाही: मंद स्वर ऐकल्यावरही एलीया आपले गाऱ्हाणे आधीच्याच शब्दांत पुन्हा सांगतो. त्यावर त्याला पुढची कामे सांगितली जातात, आणि तू एकटा उरलेला नाहीस, तुझ्यासारखे सात हजार आहेत, हेही. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने साऱ्या संदेष्ट्यांमध्ये या एलीयालाच आपलेसे केले. ‘एलियाहू हानाबी’च्या नावाने पोहे, ओले खोबरे आणि फळांचा मलिदा होतो, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. थकलेल्याला आधी जेवू घालणाऱ्या कथेच्या नायकापुढे पोह्यांचे ताट ठेवले जावे, हे मला शोभणारे वाटते.

मात्र नुसत्या तक्रारीवर चाळीस वर्षे निघत नाहीत. दुसरी बाजू मान्न्याची आहे. धण्यासारखा बारीक, पांढरा, मधाच्या पोळीच्या चवीचा हा पदार्थ रोज सकाळी जमिनीवर पडे. माणशी एक ओमर घ्यायचा, म्हणजे साधारण दोन लिटरचे माप. उद्यासाठी ठेवला तर किडे पडून घाण सुटे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतिदिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा, तो नासत नसे. यावर सर्वांत गंभीर आक्षेप गरिबांच्या बाजूने येतो. रोजची भाकर रोज मिळते ना, मग उद्याची चिंता कशाला, असे सांगून पोटाला चिमटा घेणाऱ्यांना गप्प बसवणे सोपे असते, आणि धर्माने ते वारंवार केले आहे. पण मान्न्याचा नियम उपाशी माणसाला उद्देशून नाही. तो साठवणाऱ्याला उद्देशून आहे. ज्याने फार गोळा केले त्याचे मापून उरले नाही, ज्याने थोडे केले त्याला कमी पडले नाही. पुढे ख्रिस्ती प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला यरुशलेमच्या गरजूंसाठी पैसे द्यायला सांगितले, तेव्हा हाच दाखला दिला. तुमच्या विपुलतेतून त्यांची तूट भरून निघावी असा त्याचा युक्तिवाद होता. शब्बाथची सुट्टीही नुकत्याच विटांच्या कामातून सुटलेल्यांना मिळाली, दासदासी आणि बैलांसकट. म्हणजे रोजच्या मापाने जगणे ही तेथे सगळ्या छावणीची व्यवस्था होती. एकट्याने बाळगायचा समाधानी स्वभाव नव्हे.

दैनंदिन आयुष्यात याचे सर्वांत जवळचे रूप मला चर्चपेक्षा व्यसनमुक्तीच्या गटांत दिसते. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची पद्धत महाराष्ट्रातही चालते. जन्मभर पिणार नाही अशी शपथ तिथे कोणी मागत नाही. फक्त आजचा दिवस. आणि रोजच्या या मापाबरोबर, वर्तुळात बसून आपले रडगाणे मोठ्याने सांगायचे, इतरांनी ते मध्ये न बोलता ऐकायचे. उद्याचा साठा नाही, पण ऐकणारे आहेत.

हे सारे खरेच घडले का, हा प्रश्न उरतोच. गणनेत लढण्याजोग्या पुरुषांचा आकडा 6,03,550 दिला आहे. इतक्या मोठ्या समुदायाच्या वावराच्या खुणा सीनायमध्ये सापडलेल्या नाहीत. मिसरचा राजा मर्नेप्ता याच्या सुमारे इ.स.पूर्व 1208 च्या शिलालेखात इस्राएलचे नाव आहे, पण ते कनानातले लोक म्हणून. इतिहास म्हणून ही कथा जशीच्या तशी उभी राहत नाही, हे मान्य करायला हरकत नसावी. पण कोणत्याही समाजाने आपल्या पूर्वजांबद्दल इतकी नामुष्कीची गोष्ट शतकानुशतके जपावी, दर वल्हांडण सणाला मुलांना सांगावी, 1874 साली पुण्यात ती मराठी भाषांतरासह छापावी, हा स्वतःच एक पुरावा आहे: घटनेचा नव्हे, अनुभवाचा.

त्याहून बोचरा प्रश्न वाटेच्या टोकाचा आहे. वचनदत्त देश रिकामा नव्हता. तिथे कनानी राहत होते, आणि या कथेच्या आधारावर पुढे अनेक वसाहतवाद्यांनी इतरांच्या जमिनी घेतल्या. ती अडचण कोणत्याही टीपेने सुटत नाही. कथेच्या आत मात्र त्या जमिनीवरूनच रानातली अखेरची मोठी तक्रार झाली. सलाफहादला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली मवाबच्या मैदानात मोशे, याजक आणि सगळ्या सरदारांसमोर उभ्या राहिल्या: मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव का पुसायचे, आम्हाला हिस्सा द्या. मोशेने प्रश्न देवापुढे नेला. उत्तर आले की मुलींचे म्हणणे बरोबर आहे, आणि वारसाचा नियम बदलला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारा महाराष्ट्राचा कायदा 1994 चा आहे आणि हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या अजून घेतल्या जातात, तेव्हा मराठी वाचकाला या प्रसंगाचे वजन सांगायला नको. पुढे कुळातल्या पुरुषांनी हरकत घेतली आणि या बहिणींनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट आली. मग यार्देन ओलांडून झाली, वाटण्या सुरू झाल्या, आणि यहोशवाच्या पुस्तकात त्या पाचही जणी पुन्हा याजकापुढे आणि यहोशवापुढे येऊन उभ्या राहिलेल्या दिसतात. हुकूम कधीचाच निघालेला होता. त्याची आठवण करून द्यायला त्यांनाच यावे लागले.