लिंबाची फोड शोभेची नाही

निपाणीत पाहुण्याला चहा विचारला आणि त्यानं ‘कोरा द्या, वर लिंबू पिळा’ म्हटलं, की समोरून हमखास येतं, ‘का ओ, बरं नाही काय?’ बेळगावात शहापूर-वडगावकडे विचारलंत तरी उत्तर हेच. दुधाचा दाट चहा हाच खरा चहा, आणि लिंबू घातलं की त्याचा आजाऱ्याचा काढा होतो, अशी आपल्याकडची पक्की समजूत आहे. तीच समजूत पुढे स्वयंपाकातही जाते. आंबटाची खरी कामं चिंचेनं आणि आमसुलानं करायची, लिंबानं ताटाच्या कडेला फोड होऊन बसायचं. या दोन्ही समजुती मला चुकीच्या वाटतात. त्यांच्यामुळे चांगलं जिन्नस हाताशी असून आपण ते वाया घालवतो, म्हणून हे लिहितो आहे.

‘दुधाचा चहा ही आपली पद्धत, लिंबाचा चहा बाहेरून आलेला’ हा आक्षेप आधी घेऊ. बाहेरून आलेला आहे तो चहाच. 1903 च्या कायद्यानं चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. 1930 नंतरच्या मंदीत परदेशातली मागणी घटली, तेव्हा हा प्रचार जोरानं देशातल्या बाजारपेठांकडे आणि गावांकडे वळला. आज आपण उकळतो ती दाणेदार पावडर ज्या यंत्रातून निघते, ते यंत्रही आसामात त्याच दशकात आलं. म्हणजे सामान्य घरातला रोजचा चहा फार तर शंभर वर्षांचा. कागदी लिंबू या भूमीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आपण अभिमानानं नाव घेतो त्या संकेश्वरी मिरचीचे पूर्वजही पोर्तुगीजांच्या मागून इथं आले, तेव्हा लिंबू इथं होतंच. जुन्याला उपरं आणि नव्याला परंपरा म्हणणं टिकत नाही.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: लिंबाचा चहा बहुतेक घरांत चांगला लागत नाही. तुरट होतो, घशाला ओढतो. त्याचं कारण लिंबात नसून करण्याच्या पद्धतीत आहे. दुधाच्या चहात आपण पावडर खळखळून उकळतो, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन चहाच्या टॅनिनला धरून ठेवतं आणि तुरटपणा झाकला जातो. तसाच उकळलेला चहा दुधाशिवाय गाळला आणि त्यात लिंबू पिळलं, तर उघडा तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही जिभेवर येणारच. लिंबाच्या चहाला पाणी उकळून भांडं खाली उतरवावं, नेहमीच्या निम्मी पावडर घालावी, दोन मिनिटं झाकण ठेवावं आणि गाळावं. लिंबू पेल्यात, शेवटी, आणि थोडंच. आलं घालायचं असेल तर ते पाण्याबरोबर आधीच उकळून घ्यावं. एवढं केल्यावरही ज्याला तो आवडणार नाही, त्याच्याशी माझं भांडण नाही.

लिंबू पडताच चहा फिका दिसतो, म्हणून ‘कस गेला’ असंही म्हणतात. कस कुठंही जात नाही. चहाचा गडद रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, ती आम्ल मिळालं की उजळतात. रंग बदलतो, चहा तेवढाच राहतो.

आणि आपल्या भागात तर कोऱ्या चहाची बाजू आणखी भक्कम आहे, कारण आपण गुळाच्या पट्ट्यात राहतो. कागलपासून संकेश्वरपर्यंत ऊस आहे. गुळाचा चहा करताना दूध फाटतं, हा घराघरातला त्रास; मग दूध वेगळं तापव, चहा जरा निवू दे, अशा खटपटी चालतात. दूध वगळलं की फाटायचा प्रश्नच उरत नाही. गूळ आणि लिंबू यांचं तर उन्हाळ्याच्या पाण्यापासूनचं नातं आहे. गूळ, आलं, हलका चहा आणि वरून लिंबू, हा पेला या मातीतलाच आहे. एक खबरदारी घ्यावी: तो काचेच्या पेल्यात किंवा स्टीलच्या वाटीत प्यावा. लिंबाच्या सालीतलं तेल थर्माकोल विरघळवतं, आणि कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू नये हे तर आपल्या आज्यांनी सांगूनच ठेवलं आहे.

आता लिंबाच्या भक्तांकडे वळतो, कारण त्यांनीही लिंबाचं कमी नुकसान केलेलं नाही. सकाळी गरम पाण्यात लिंबू घेतलं की चरबी वितळते, रक्त अल्कलाइन होतं, असं सांगत लोक फिरतात. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात. लिंबाच्या पेल्यानं तो हलत नाही. चरबी तर लिंबानं मुळीच वितळत नाही. थोडा जास्त आधार असलेला दावा लोहाचा आहे. क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते आणि जेवणाबरोबरच्या चहानं ती क्रिया अडते, हे खरं आहे. देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी असल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं, तेव्हा निपाणीत दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या बाईला ‘जेवताना चहा नको, उसळीवर लिंबू पिळ’ हा सल्ला योग्यच आहे. पण तेवढ्यानं तिचा रक्तक्षय बरा होईल असं सांगणं फसवणूक ठरेल. मेक्सिकोच्या ग्रामीण भागात नेमकं हेच तपासलं गेलं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत लिंबाच्या सरबतानं लोहाचं शोषण दुपटीहून जास्त वाढलं, मात्र आठ महिने सरबत दिल्यावरही लोहाची कमतरता असलेल्या बायकांची स्थिती सुधारली नाही. तिला गोळ्या हव्यात, पोटभर अन्न हवं आणि कामाचा नीट मोबदला हवा. ती जबाबदारी आपण लिंबावर ढकलू नये. लिंबाची बाजू मांडायची तर चवीवर मांडावी, आणि ती चवीवर पूर्ण जिंकते.

चव म्हणजे नुसता आंबटपणा असं धरलं, की चिंच, आमसूल, लिंबू, कैरी सगळी सारखीच वाटू लागतात आणि मग ‘चिंच असताना लिंबू कशाला’ हा प्रश्न पडतो. पण ही आंबटं एकमेकांच्या जागा घेऊ शकत नाहीत. चिंचेतलं टार्टारिक आम्ल उकळीला दाद देत नाही. उलट आमटीत चिंच-गूळ चांगले उकळल्याशिवाय तिचा कच्चेपणा जात नाही. आंबोली आणि चोर्ल्याचा घाट चढून बेळगावात येणारं आमसूलही शिजवायचंच आंबट आहे. लिंबाचं उलटं. त्याचा प्राण रसापेक्षा सालीतल्या तेलात आहे, आणि तो वास उकळीत पहिल्या काही मिनिटांतच उडून जातो. मागे राहतो तो नुसता आंबटपणा, आणि पुष्कळदा कडवटपणा. बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या गरात एक द्रव्य असतं. ते मुळात कडू नसतं, पण आंबट रसात राहिलं की हळूहळू कडू होतं आणि तापवलं की लवकर होतं. रश्शात लिंबू उकळणारे आणि मग लिंबालाच दोष देणारे स्वयंपाकी मी बरेच पाहिले आहेत.

म्हणून लिंबाचा नियम एकच: विस्तव बंद झाल्यावर. उप्पीट उतरवल्यावर, पोह्यांवर वाफ आल्यानंतर, मटणाचं सुकं ताटात आल्यावर. पोह्यात आधी लिंबू आणि मग कोथिंबीर, तीही खाण्याच्या जरा आधी, कारण आम्लानं हिरवा रंग मळतो. खर्ड्यात लिंबू पिळायचं ते वाढताना. सकाळी पिळून ठेवलेला खर्डा दुपारी शेवाळी दिसतो. हळदीचं मात्र लिंबाशी जमतं, पिवळा रंग स्वच्छ राहतो. आणि लिंबू सालीसकट वापरायला शिकलं पाहिजे. फोड पिळताना साल खाली, पदार्थाकडे धरली, तर सालीतलं तेलही रसाबरोबर पडतं. बिया आधी काढाव्यात.

मग ताटातल्या फोडीचं काय? ती शोभेची आहे असं म्हणणाऱ्यांनी आपलं पान कसं वाढलं जातं हे आठवावं. आधी मीठ, मग डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर. वरण-भात येण्याच्या आधी लिंबू येतं. साध्या वरणात चिंच नसते, आमसूल नसतं, मसाला नसतो. ते मुद्दाम अर्धं सोडलेलं असतं. भात, वरण, तूप आणि मग खाणाऱ्याच्या हातानं पडलेलं लिंबू, तेव्हा तो पदार्थ पुरा होतो. स्वयंपाकाचा शेवटचा निर्णय खाणाऱ्याच्या बोटांत ठेवणारी ही रीत मला आपल्या जेवणातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. आंबट किती, हे प्रत्येकाची जीभ वेगळं ठरवते, आणि लिंबू विस्तवावर घालायचं नसतं. दोन्ही गोष्टी एका फोडीत साधल्या जातात.

इथंच सीमाभागातला एक जुना हट्टही गळून पडतो. लिंबाचा भात, चित्रान्न ‘त्यांचं’ आणि चिंचगुळाची आमटी ‘आपली’, असं ठासून सांगणारे लोक आहेत. सीमाप्रश्न मला जिव्हाळ्याचा आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठी गावं ज्या तऱ्हेनं पलीकडे गेली त्याचं दुःख माझ्या पिढीलाही आहे. पण भाषेचा हक्क मागायला शेजाऱ्याचा भात नाकारावा लागत नाही. चित्रान्नात शिजलेल्या, जरा निवलेल्या भातावर फोडणी आणि वरून लिंबू पडतं. आपल्या वरणभातात तेच लिंबू वरणातुपाबरोबर पडतं. नियम एकच आहे आणि तो दोन्ही घरांनी स्वतंत्रपणे नीट ओळखला आहे. चिंचेचं सार तर कानडी घरांतही तितकंच मुरलेलं आहे. आणि आपण ज्या फळाबद्दल बोलतो आहोत, ते विजयपूर जिल्ह्यातल्या इंडी तालुक्यात उत्तम पिकतं. इंडीच्या लिंबाला 2025 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या वरणभाताला शोभेल असं लिंबू कन्नड शेतकऱ्यानं पिकवलं, याचा आनंद मानायला काय हरकत आहे?

उरला मुद्दा सोयीचा आणि पैशाचा. हॉटेलवाल्यांचं म्हणणं असतं की लिंबूसत्त्व टाकलं किंवा बाटलीतला रस ओतला तरी काम भागतं. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. ते कारखान्यात मळीसारख्या गोड द्रव्यावर बुरशी वाढवून काढतात. त्यात दोष नाही, पण त्यात सालीचा वास नाही, म्हणजे लिंबू नाही. बाटलीचा धडा इंग्रजी आरमारानंच जगाला दिला आहे. 1795 पासून लिंबाचा रस देऊन त्यांनी खलाशांचा स्कर्व्ही आटोक्यात आणला. पुढे 1860 च्या दशकात वेस्ट इंडिजमधल्या लहान लिंबांचा, प्रक्रिया करून साठवलेला रस आला, आणि 1875 च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत तो पिऊनही खलाशांना स्कर्व्हीनं गाठलं. क जीवनसत्त्व त्या फळात मुळात कमी होतं. उरलेलंही साठवणुकीत आणि भांड्यांत गेलं.

महागाईची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. 2022 च्या एप्रिलात अनेक शहरांत लिंबू किलोला दोनशेच्या पुढे गेलं होतं. उन्हाळ्याचं लिंबू हस्त बहराचं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात तो बहर नीट धरत नाही, म्हणून मागणी सगळ्यात जास्त तेव्हा माल सगळ्यात कमी. आंबे बहराची फळं मात्र जून ते ऑगस्टात ढिगानं येतात आणि मातीमोल विकली जातात. तेव्हाच शहाण्या घरांत बरण्या भरतात: मिठात मुरवलेलं लिंबू, आणि वर्षं गेली की काळं पडणारं ते लोणचं, जे तोंडाची चव गेलेल्या माणसाला मऊ भाताबरोबर देतात. एप्रिलात ताजी फोड परवडत नसेल, तर मिसळीच्या बशीत या मुरलेल्या लिंबाचा तुकडा ठेवावा आणि लिंबूसत्त्वाची पुडी दुकानातच राहू द्यावी. निपाणी-बेळगावच्या हॉटेलांनी आषाढात दोन बरण्या भरल्या, तर पुढचा उन्हाळा त्यांच्या गिऱ्हाइकांना नीट आंबट खायला मिळेल.