राजवाड्यातील चितारशाळा

बांद्यापलीकडच्या सावंतवाडीत गंजिफा नामशेष होऊ लागली, तेव्हा शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्याचा दरबार चिताऱ्यांना मोकळा करून दिला. इतकेच नव्हे, तर वृद्ध पुंडलिक चितारी यांच्यापुढे शिष्य होऊन बसले. आम्हांस या दांपत्याचे हे शिष्यत्व त्यांच्या आश्रयाहूनही मोठे वाटते. दशावतारी संचाची गोल पाने १२०. प्रत्येक हाताने रंगवायचे, वर लाख चढवायची. आमचे रसिक मात्र छापील पत्त्यांच्या भावाने घासाघीस करतात! शिवरामराजे पूर्वीच गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये निवर्तल्या. घराण्याने काम सोडलेले नाही. परंतु पोट भरत नसेल तर चिताऱ्याच्या मुलाने कुंचला का धरावा? गोमंतकीयांनी यंदा लग्नाच्या आहेरासाठी एक तरी संच सांगितल्या किमतीस घ्यावा.