'ध'चा 'मा' आणि आपली मान

मराठीत अर्थ वाकडा करायला शब्दांचा तोटा नाही. गैरसमज, विपर्यास, अनर्थ, शब्दच्छल, मखलाशी. गावात म्हणतात, पराचा कावळा केला. पण दोस्तांनो, हे शब्द एका मापाचे नाहीत. गैरसमज चुकून होतो. विपर्यास माणूस करतो, आणि त्याच्यामागं त्याचा फायदा असतो. अनर्थ त्यातून उपजतो, आणि तो भोगणारा बहुतेक वेळा दुसराच असतो.

सगळ्यात गाजलेला विपर्यास पेशव्यांच्या वाड्यातला. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला कापला. आनंदीबाईनं चिठ्ठीत 'धरावे'चं 'मारावे' केलं, असं सांगतात. साताऱ्याजवळच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबाला दोषी ठरवलं. एक अक्षर बदललं, एक पेशवा मेला, आणि अडीचशे वर्षं अख्खा महाराष्ट्र 'ध चा मा' म्हणतोय.

आता आमचा सवाल. एका शब्दानं जातीच्या जाती कापल्या, त्याची म्हण कुठं हाय?

1871 साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 'पोटाला नाही' ह्याचा अर्थ 'जन्मानं चोर' असा लावला, आणि तो कागदावर पक्का केला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी. पोर पाळण्यात असतानाच गुन्हेगार. बापानं रोज हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना काढायचा. कायदा 1952 साली गेला. शब्द गेला का? आजही गावात चोरी झाली की पोलिसाची गाडी पहिल्यांदा कुणाच्या पालावर जाते, ते शेंबडं पोरगंही सांगेल.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी ह्याच्यावर 1959 साली 'फकिरा' लिहिली. सरकारी कागद ज्याला दरोडेखोर म्हणतो, तो उपाशी मांगवाड्याला जगवणारा माणूस होता, हे त्यांनी छातीठोक मांडलं. ती कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. लेखणी आमच्या हातात आली तेव्हा कुठं अर्थ सरळ झाला.

ह्याच मातीत दुसराही दाखला हाय. 1943 ते 1946 ह्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांनी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालवलं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्यातच होता. 'प्रतिसरकार'चं झालं 'पत्री सरकार'. तळपायाला घोड्यासारखी पत्री ठोकतात, अशी वदंता उठली. पण लोकांनी तो मोडका शब्द मिरवला, आणि सावकार त्याच नावानं कापू लागला. म्हणजे बिघडलेला शब्दही ज्याच्या ताब्यात, त्याचं हत्यार होतो.

म्हणून आमच्या नावाचा झगडा किरकोळ नव्हे. 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात 'हरिजन' शब्दाला विरोध करून बाबासाहेब आपल्या पक्षासह सभागृहाबाहेर पडले. गोड शब्दानं चटके झाकले जातात, हे त्यांनी ओळखलं होतं. 1972 साली पँथर उठली आणि 'दलित' हा शब्द झेंड्यासारखा वर धरला. 2018 साली केंद्राच्या माहिती खात्यानं वाहिन्यांना सल्ला दिला, दलित म्हणू नका, अनुसूचित जाती म्हणा. अनुसूचित म्हणजे यादीतला. दलित म्हणजे दळला गेलेला. दळला म्हटलं की जातं कुणाचं, हे विचारावं लागतं. यादीला कोण काय विचारणार?

आता घरातलं बोलू. 1942 साली नागपूरच्या परिषदेत बाबासाहेब इंग्रजीत म्हणाले, एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज. आपल्या भिंतीवर काय लिहिलंय? शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. मधला शब्द शेवटी गेला. तुम्ही म्हणाल, त्यानं काय बिघडलं? बिघडलं ते हे: अ‍ॅजिटेट म्हणजे चेतवा. शिकलेल्या माणसाचं डोकं आधी पेटलं पाहिजे, मग त्या पेटलेल्या माणसांची संघटना. क्रम उलटला की पुढाऱ्याचं फावतं. आधी माझ्या गटात ये, पावती फाड, संघर्षाचं मागनं बघू. आणि ते 'मागनं' कधी उजाडत नाही. गट वाढतात, हार वाढतात, जयंतीचे कर्णे वाढतात. न पेटलेल्या माणसांची संघटना म्हणजे नुसती हजेरी, चावडीवरची नाहीतर पुढाऱ्याच्या दारातली.

म्हणून साताऱ्या-सांगलीच्या पोरांनो, कुणी म्हणालं 'माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला', तर दोन गोष्टी विचारा. मूळ शब्द काय होता? आणि तो फिरल्यानं कुणाची पोळी भाजली? सायेबाला विचारा, पुढाऱ्याला विचारा, ह्या पानालाही विचारा. आणि येत्या 14 एप्रिलला वस्तीतली भिंत रंगवाल तेव्हा 'चेतवा' मधे लिहा. जागा त्याचीच हाय.